बंद खोली धरायची का?

सोनालीने आयुष्यात पहिला प्रोग्राम लिहिला तो घर मोजण्याचा. वयाच्या चौतिसाव्या वर्षी, दोन पोरांची आई झाल्यावर, दर शनिवार-रविवारी ती पोलादपूरहून एसटीने महाडला जाऊन कॉम्प्युटरचा क्लास करत होती. बचत गटातल्या बायका तिची खेचत. "कलेक्टर व्हतेस काय गो आता?" असं राहीबाई तोंडावर विचारायची. कलेक्टरचं राहू द्या, पण पंचायतीत ऑपरेटरची जागा निघणार असं कुणीसं म्हणालं होतं, आणि कापडे गावाच्या पुढच्या त्या सतरा घरांच्या वाडीत बारावी झालेली सून ती एकटीच होती.

क्लासचे अश्वजित सर वयाने तिच्यापेक्षा लहान, पण शिकवण्यात पक्के. चौथ्या आठवड्यात त्यांनी फळ्यावर लिहिलं, घराची वापरण्याजोगी जागा काढणारा प्रोग्राम. "सोपं आहे," ते म्हणाले. "खोलीची लांबी विचारा, रुंदी विचारा, गुणाकार करून बेरजेत टाका. मग आणखी खोली आहे का ते विचारा. हो म्हटलं तर परत तेच. नाही म्हटलं की बेरीज दाखवा. पण टाइप करायच्या आधी वापरण्याजोगी म्हणजे काय ते कागदावर लिहा. ते आपल्यालाच कळलं नसेल तर मशीनला काय कप्पाळ सांगणार?"

सोनाली घरी आली आणि वहीचं पान उघडून बसली. कागदावर एक ओळ काही उतरेना. तेव्हा ती उठून सासऱ्यांकडे गेली, कारण घर या विषयात वाडीत श्रीपत गवंड्याच्या पुढे कुणी नव्हतं.

श्रीपतना सगळे आबा म्हणत. हयातभर दुसऱ्यांची घरं बांधली, बिरवाडीपासून उमरठपर्यंत अर्ध्या तालुक्यातली जोती त्यांच्या हाताखालून गेली. आता सत्तरी ओलांडली होती आणि दम्याने पार पोखरून टाकलं होतं. ओटीवर खाटेला टेकून बसायचे, बोलताना तिसऱ्या शब्दाला थांबायचे. पण टेप म्हटल्यावर म्हातारा उठलाच.

सोनालीने आधी घर बाहेरून मोजलं. आबा टेपचं टोक धरून तिच्या मागोमाग फिरले आणि आकडा ऐकून हसायला लागले, हसता हसता खोकले. "बाहेरनं काय मोजतेस? दीड फुटाची मातीची भिंत हाय. भिंतीत झोपणार हायस काय?"

मग आतून मोजलं. माजघर चौदा बाय अकरा. स्वयंपाकघर अकरा बाय आठ. ओटी एका बाजूने उघडी, आणि चारी बाजूंनी भिंत नसेल ती जागा धरायची नाही असं सरांनी वर्गात सांगितलेलं. हे काही आबांना पटलं नाही. अख्खं घर ओटीवर जगतं आणि ओटीच धरायची नाही, हा कुठला हिशेब, असं ते दोनदा म्हणाले. शेवटी, शहराचा नियम दिसतोय, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं.

आता राहिली ती खोली. ओटीच्या उजव्या अंगाला, तेरा बाय बारा, खाली फरशी, वर स्लॅब, दाराला पितळी कुलूप. ही खोली मोठ्या मुलाची, मुरारीची. तो नालासोपाऱ्याला असतो. दहा वर्षांपूर्वी त्याने पैसे पाठवले आणि आबांनी स्वतःच्या हाताने ती बांधली, घरातलं त्यांचं शेवटचं बांधकाम. मुरारी गणपतीला चार दिवस आणि शिमग्याला चार दिवस येतो, कुलूप काढतो, राहतो, जाताना कुलूप लावतो. बाकीचं वर्षभर आत दोन गाद्या, एक कपाट आणि एक टेबलफॅन राहतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, वाडीतल्या निम्म्या घरांत मुंबईकरांची अशी एकेक खोली बंद असते. त्या खोलीचं माप आबांना तोंडपाठ होतं, आत जावंच लागलं नाही.

सोनालीने विचारलं, "ही धरू काय, आबा? वापरात तर नाय."

"शाळेच्या अभ्यासाला धर की नको धर, कोण इचारतंय," आबा म्हणाले. तिने धरली नाही. माजघराचे एकशे चौपन्न, स्वयंपाकघराचे अठ्ठ्याऐंशी, दोनशे बेचाळीस चौरस फूट. सरांनी तिच्या मोबाइलमध्येच प्रोग्राम लिहायचं अ‍ॅप टाकून दिलं होतं. तीन वेळा चुकल्यावर चौथ्यांदा तो आकडा स्क्रीनवर आला, तेव्हा सोनाली एकटीच स्वयंपाकघरात टाळी वाजवून हसली.

पण तिला एक गोष्ट टोचत होती. दोनशे बेचाळीस हे उन्हाळ्याचं घर होतं. घर डोंगराला टेकलेलं, जुनं जोतं बुटकं. पावसाने जोर धरला की माजघरात खालून पाणी उपळतं. भिंत गळत नाही, कौलं गळत नाहीत, जमिनीलाच घाम फुटतो आणि मागच्या भिंतीपासून पाच फुटांचा पट्टा दोन अडीच महिने चिखल होऊन बसतो. मग उरलेल्या जागेत पाच माणसं झोपतात. आबा, ती, नवरा विपुल घरी असला तर तो, बारा वर्षांची सेजल आणि सात वर्षांचा स्वराज. सोनालीने प्रोग्राममध्ये ओलीचा एक प्रश्न घातला. चौदा गुणिले पाच, सत्तर वजा. पावसाळ्यातलं घर एकशे बहात्तर. सरांनी तो प्रश्न बघितला आणि वर्गात वाचून दाखवला. म्हणाले, हा प्रश्न मला सुचला नसता.

ओल हा तिच्यासाठी नुसता अभ्यास नव्हता. मागच्या श्रावणात आबांचा श्वास असा अडकला होता की रिक्षात घालून महाडला न्यावं लागलं. अकरा दिवस दवाखान्यात काढले. निघताना डॉक्टरांनी तिला आणि विपुलला बाजूला घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, "यांना कोरड्या खोलीत ठेवा. अशा ओलीत आणखी एक पावसाळा हे काढणार नाहीत." विपुल बिरवाडीला खोली घेऊन राहायचा, एमआयडीसीतल्या एका कंपनीत ठेकेदाराकडे कामाला. तो तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला. तो कधीच फारसं बोलत नसे.

कोरड्या खोलीचा एकच मार्ग दिसत होता, घरकुल. वरच्या अंगाला परड्यात गुंठाभर जागा होती, उंच, निचऱ्याची. माघात मंजुरी मिळाली तर पावसाआधी जोतं आणि चार भिंती उभ्या राहतील, मी खाटेवर बसून बांधून घेतो, असं आबांनीच हिशेब करून सांगितलं होतं. यंदाच्या पाहणीत नियम असा होता की घरात माणशी साठ चौरस फुटांहून कमी वापरण्याजोगी जागा असेल तर नाव यादीत. सोनालीने दोनशे बेचाळीसला पाचाने भागलं. अठ्ठेचाळीस आणि वर थोडं. त्या दिवशी तिने भाकरी थापताना गाणं म्हटलं, हे सेजलने बापाला फोनवर सांगितलं.

पौष संपता संपता ग्रामसेवक पाहणीला आले. सोबत दोन पंच, मागे अर्धी वाडी. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. माणूस सरळ, पण गणिताला घाबरणारा. पहिल्या दोन घरांतच बेरजा चुकल्या, खाडाखोड झाली. तेव्हा राहीबाईच म्हणाली, "आमच्या सोनालीच्या मोबाइलात घर मोजायचं मशीन हाय." भाऊसाहेबांनी बघितलं, एक घर करून पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, "वहिनी, आता तुम्हीच माझ्याबरोबर चला." ओलीचा प्रश्न तेवढा त्यांनी काढायला लावला, त्यांच्या तक्त्यात तो रकानाच नव्हता. त्याच्या जागी त्यांनी दुसरा घालायला सांगितला. काही घरांत मुंबईकरांच्या खोल्या बंद आहेत, त्या धरायच्या की नाही ते घरमालकालाच विचारायचं. "बंद खोली धरायची का, असं टाका. मालक सांगेल तसं."

तर मग त्या दिवशी सोनाली सतरा घरं फिरली, मोबाइल हातात धरून, आणि वाडीतल्या सासवा तिला पहिल्यांदाच पाट देऊन बसवत होत्या. धोंडूच्या घरी तिने विचारलं, बंद खोली धरायची का. धोंडू म्हणाला, "नाय बा, ती चुलत्याची." नाही. पुढच्या घरीही नाही. शेवटी सगळी मंडळी त्यांच्या स्वतःच्या ओटीवर आली.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे पहिला नकार कुणी खरा धरत नाही. चहा विचारला की पाहुणा नको म्हणतो, मग यजमान म्हणतो, घ्या हो, अर्धा कप, आणि मग पाहुणा घेतो. जेवायला बसा म्हटलं तर आताच जेवून आलो म्हणायचं, हात धरून ओढलं की बसायचं. एका हाकेला होकार देणारा हावरा ठरतो. त्या दिवशी ओटीवर भाऊसाहेबांनीही चहा आधी नको म्हटला, आबांनी दुसऱ्यांदा आग्रह केला तेव्हा बशीत ओतून घेतला. माणूस मोठा असेल तर हे जास्तच. आबांसारख्या माणसाने तर कुणासमोर, आम्हाला जागा कमी पडते, असं पहिल्या फटक्यात म्हणायची सोयच नव्हती.

सोनालीने माजघर घातलं, स्वयंपाकघर घातलं. स्क्रीनवर प्रश्न आला. तिने तो सगळ्यांसमोर वाचला, "आबा, बंद खोली धरायची का?"

ओटीवर दोन पंच, भाऊसाहेब, धोंडू, चार-पाच बाया. आबांनी कुलपाकडे बघितलं. मग मान ताठ करून म्हणाले, "धर की. माझ्या हातची खोली हाय. मुरारी काय परका हाय? घर एक हाय आमचं."

पंचांनी माना हलवल्या. वा, असं कुणीतरी म्हणालंही. सोनालीचा अंगठा स्क्रीनवर थांबला. तिला ठाऊक होतं की आता परत विचारायला हवं. आबा, वापरात नाय ना ती, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं, ते म्हणाले असते, हां, तसं बघायला गेलं तर नाय. पण दहा माणसांसमोर सुनेने सासऱ्याला, नीट सांगा, असं कसं म्हणायचं? भाऊसाहेब घड्याळ बघत होते. डोक्यावरचा पदर नीट करता करता तिने हो दाबलं. तेरा, बारा. तीनशे अठ्ठ्याण्णव. माणशी जवळजवळ ऐंशी.

भाऊसाहेबांनी आकडा तक्त्यात उतरवला आणि आबांची सही घेतली.

माघात यादी लागली. सतरा घरांतली नऊ नावं होती. धोंडूचं होतं, राहीबाईचं होतं. श्रीपतचं नव्हतं. सोनालीने यादी तीनदा वाचली, बोट ठेवून. तिच्याच बोटाने गेलं होतं सगळं, आणि ज्या नऊ घरांना मिळालं ती तिच्याच प्रोग्रामने मोजलेली होती. ते लोक तिला पेढा द्यायला आले तेव्हा तिने पहिल्यांदा नको म्हटलं आणि मग घेतला.

शनिवारी तिने अश्वजित सरांना सगळं सांगितलं. त्यांनी प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. "यात चूक नाहीये, सोनालीताई," ते म्हणाले. "जे विचारलं त्याचं उत्तर तसंच धरलंय त्याने." त्यांनी दिलासा म्हणूनच सांगितलं, पण तिला ते फार लागलं. चूक सापडली असती तर दुरुस्त तरी करता आली असती.

तिथून ती पंचायतीत गेली. भाऊसाहेबांनी खुर्ची दिली, वाईट वाटतंय म्हणाले, आणि खरंच वाटत असावं. हरकत घ्यायला आठ दिवस आहेत. पण खोली वेगळी आहे असं दाखवायचं तर घराचे दोन नंबर व्हायला हवेत. एक श्रीपतच्या नावाने, एक मुरारीच्या. दोघांच्या सह्यांचा अर्ज आणा, मी आजच घेतो.

सोनालीने नालासोपाऱ्याला फोन लावला. मुरारी गोड माणूस. "मला काय अडचण असणार? आबा म्हणतील तसं. आबा बोले तो फायनल." मग ती आबांकडे आली. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"ही वाटणी झाली," ते म्हणाले.

"कागदावरची, आबा. खोलीसाठी नाय, घरकुलासाठी."

"कागदावरचीच वाटणी असते गो. मी जिवंत हाय तवर या घराचे दोन नंबर व्हायचे नायत. हजार लोकांची घरं बांधली मी. माझंच फोडू काय?"

या वेळी तिने दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदाही विचारलं. विपुल रविवारी आला, त्यालाही तिने पुढे केलं. तो आबांच्या पायाशी बसला, त्यांच्या पाठीला तेल चोळलं आणि उठून आला. "दादानं मला आयटीआयला घातला," तो तिला म्हणाला. "मी कुठल्या तोंडानं वेगळं मागू?" सोनालीला त्या घटकेला तिघांचाही राग आला, एक ओरडून बोलणारा असता तरी बरं झालं असतं. आठ दिवस असे उलटले आणि हरकतीची मुदत संपली.

शिमग्याला मुरारी आला. बायको मानसी, मुलगा, गाडीच्या डिकीत बिस्किटांचे खोके. कुलूप निघालं, खोली झाडली, पंखा लागला. पालखी दारात येऊन गेली, आबांनी धाप लागेपर्यंत नाचणाऱ्यांना शिव्या देऊन उत्साह दिला. त्या रात्री मुरारीने स्वतःच म्हटलं, "आबा, इकडे झोपा, फरशी थंड आहे." आबा नको म्हणाले, मुरारीच्या मुलाने हात धरून ओढलं, तेव्हा गेले. चार रात्री ते त्या खोलीत झोपले. सोनाली पहाटे चूल पेटवायला उठायची आणि सवयीने कान द्यायची. खोकला नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी आबा दाराच्या चौकटीवरून हात फिरवत म्हणाले, "जोतं उंच घेतलं होतं मी इथं. अडीच फूट. उपळ लागत नाय." इतका सरळ श्वास घेऊन बोललेलं वाक्य तिने वर्षभरात ऐकलं नव्हतं.

त्याच दुपारी तिने धीर केला. मुरारी मोबाइल चार्जिंगला लावत होता, तिथे जाऊन तिने डॉक्टरांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मुरारीचा चेहरा उतरला. "अगं, मग आधी नाही का सांगायचं?" तो म्हणाला. "चावी ठेवूनच जातो. त्यात काय एवढं?" सोनालीला वाटलं, हे इतकं सोपं होतं आणि आपण उगाच महिनाभर झुरत बसलो. तिने मानसीच्या पिशवीत दोन किलो नाचणीचं पीठ जास्तीचं भरलं.

निघायच्या वेळी गाडी सुरू झालेली, मानसी पुढे बसलेली. पुढे हायवेला ट्रॅफिक लागेल म्हणून तिने दोनदा हॉर्न दिला होता. मुरारीने कुलूप लावलं, ओटीवर आला, वाकून आबांच्या पाया पडला आणि चावी पुढे केली.

"आबा, ही ठेवा. पावसात आत झोपत जा."

आबांनी चावीकडे बघितलं. विपुल खांबाला टेकून उभा होता, सोनाली दारात. आबांनी हात पुढे केला नाही. "नको रे," ते म्हणाले. "तुझी खोली हाय, तुझ्याजवळच राहूदे. उंदीरघुशी लागतील, सामान हाय तुझं. माझं काय, मी कुठंपण झोपतो."

सोनालीने मुरारीकडे बघितलं. आता मुरारी म्हणेल, घ्या हो आबा. एवढंच म्हणायचं होतं. चहासाठी म्हणतो तेवढंच.

गाडीचा हॉर्न पुन्हा वाजला. "बरं, तुम्ही म्हणाल तसं," मुरारी म्हणाला आणि चावी खिशात टाकली.

"दादा," सोनाली पुढे झाली. "दादा, ती चावी..."

"सोनाली, पाणी आण," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीतरी असं होतं की ती वळली. माठातून तांब्या भरून ती बाहेर आली तेव्हा गाडी वडाच्या वळणाला लागली होती. आबांनी पाणी घेतलं नाही.

संध्याकाळी तिने मुरारीला व्हॉट्सअ‍ॅप केला. उत्तर लगेच आलं. आबांना विचार, ते हो म्हणाले तर कुरियरने पाठवतो. तिने फोन आबांसमोर धरला. आबांनी वाचलं नाही, तिने वाचून दाखवलं.

"आता मागून घेऊ?" आबा म्हणाले. "दिलेली परत केली ती. आता पोराकडं चावी मागून घेऊ?"

सोनाली त्यांच्या खाटेजवळ खाली बसली. रडू येत होतं ते तिने आवरलं नाही. आबा तिच्याकडे बघत नव्हते, वळणाकडे बघत होते.

"त्यानं आणखी एकदा इचारलं असतं ना," ते हळूच म्हणाले, "तर मी घेतली असती गो."

तिला मुरारीवर चिडायचं होतं. जीभ तयार होती. पण तिला पौषातली ती दुपार आठवली, स्क्रीनवर थांबलेला स्वतःचा अंगठा आठवला. मुरारीला गाडीची घाई होती. तिला कसली होती? तिनेही एकदाच विचारलं होतं.

पाडव्यानंतर उन्हं तापली आणि आबांनीच एक दिवस टेप मागितला. ओटीवरच्या उघड्या अंगाला विपुल पावसाआधी प्लास्टिकचा कागद बांधणार होता. झडीचं पाणी आत कुठपर्यंत येतं ते आबांना पक्कं माहीत होतं. त्यांनी काठीने जमिनीवर रेघ मारली आणि त्या रेघेपासून बंद खोलीच्या भिंतीपर्यंत टेपचं टोक धरलं. "माझी खाट इथं बसते का बघ. तुझ्या मशीनवर घाल. आता ओटी धरायची, शहराचा नियम गेला खड्ड्यात."

सोनालीने मोबाइल उघडला. लांबी सहा. रुंदी तीन. अठरा चौरस फूट. खाली पुढचा प्रश्न आला. मागच्या आठवड्यात तिने प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली होती. आता तो प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायचा.

"आणखी जागा आहे का?" तिने वाचलं.

आबांनी बाजूच्या कुलपावर हात ठेवला, ते सरळ केलं. "नाय."

"नक्की नाय, आबा?"

या वेळी ओटीवर दुसरं कुणी नव्हतं. घाई नव्हती. तिने जितका वेळ थांबता येईल तितका वेळ थांबून पाहिलं. आबांनी टेपचं टोक सोडलं आणि तो सरसरत तिच्या हातात परत आला.

"नाय गो," ते म्हणाले. "लिही अठरा."